सीझनच्या धावपळीनंतर नेत्रावळीच्या कुळागरात

गोव्याच्या कळंगुट-कांदोळी पट्ट्यात हॉटेल लाइनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या बायकांसाठी मुख्यतः हे लिहितेय. फेब्रुवारीत मी एकटी नेत्रावळीच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागायतीत, विश्रांतीला जाऊन आले. परत आल्यापासून कामावरच्या मुली सारखं विचारतात की रजा कशी मिळाली, एकटी कशी गेलीस, घरी काय सांगितलंस, खर्च किती आला, आणि खरंच बरं वाटलं का. प्रत्येकीला शिफ्टच्या मधल्या पाच मिनिटांत सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर.

मी फ्रंट ऑफिसला आहे, बरीच वर्षं. ऑक्टोबर ते मार्च आमचा सीझन आणि त्यातही 20 डिसेंबर ते 5 जानेवारी म्हणजे घरातल्या माणसांनी आपला चेहरा विसरायचे दिवस. वीकली ऑफ रद्द, एक शिफ्ट संपली की दुसरी, पहाटे तीनच्या फ्लाइटने आलेले गेस्ट आणि सकाळी सहाला निघणारे गेस्ट यांच्यामध्ये जेमतेम चहा. कामाबद्दल माझी तक्रार नाही, या कामावर आमचं घर उभं राहिलंय. पण यंदा जानेवारीत असं झालं की घरी आल्यावरही माझ्या जबड्याचे स्नायू सैल होईनात. दिवसभर हसून हसून गाल दुखतात हे आपल्या लाइनमधल्या सगळ्यांना माहीत आहे, पण यावेळी झोपेतही दात घट्ट आवळलेले असायचे आणि रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. हेल्थ सेंटरच्या डॉक्टरणीने बीपी बघितलं, गोळी दिली नाही, म्हणाली आधी सुट्टी घे आणि घरात बसून घेऊ नको, घरात तुला कोणी बसू देणार नाही.

रजेचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. 7 जानेवारीला अर्ज टाकला. माझे कॉम्प-ऑफ (रद्द झालेल्या वीकली ऑफच्या बदल्यात मिळणाऱ्या रजा) साठले होते आणि आमच्याकडे ते 90 दिवसांत वापरले नाहीत तर लॅप्स होतात (तुमच्याकडे काय नियम आहे तो आधी एचआरला लेखी विचारून घ्या, तोंडी नको). एचआरकडून मेल आला की रद्द झालेल्या प्रत्येक ऑफसाठी त्या दिवशीच्या ड्यूटी मॅनेजरची सही पाहिजे आणि बायोमेट्रिक हजेरीचा पंच जुळला पाहिजे. दोन दिवसांचे पंच सिस्टिममध्ये दिसेनात. नशिबाने मी रोस्टरचे (ड्यूटीच्या वेळापत्रकाचे) स्क्रीनशॉट दर आठवड्याला काढून ठेवते, ही सवय मला आमच्या आधीच्या सुपरवायझर मॅडमनी लावली होती, ते जोडले तेव्हा काम पुढे सरकलं. मग एक मॅनेजर स्वतःच रजेवर, त्याची सही अडली, मग 26 जानेवारीची गर्दी म्हणून कोणी बघायला मोकळं नाही. 28 तारखेला मंजुरी आली. 10 ते 15 फेब्रुवारी. कार्निव्हल 1 मार्चपासून होता त्यामुळे त्याच्या आत कामावर हजर राहीन असं लिहून दिलं. थोडक्यात, रजा पाहिजे त्याच्या निदान महिनाभर आधी अर्ज करा आणि न्यू इयर ते कार्निव्हल हा मधला काळ मागा, त्याच काळात मिळण्याची शक्यता आहे.

घरी सांगणं मला जास्त कठीण वाटत होतं. आम्ही पेडण्याचे, एकत्र कुटुंब, मुलगा सातवीत. आमचे हे काही बोलले नाहीत पण चेहऱ्यावर प्रश्न होता की एकटी कशाला, सगळे मिळून जाऊया ना मे महिन्यात. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "देवाला जाते म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. विश्रांतीला जाते म्हणून विचारतात. जा तू, मी आहे." एवढ्यावर विषय संपला. मी रात्रपाळी करू शकले ती त्यांच्या जिवावर, मुलाला ताप आला तर रात्रभर पट्ट्या त्यांनीच ठेवल्यात, आणि आता सुट्टीही त्यांनीच दिली.

जागा शोधताना आधी योगा रिट्रीटवाल्यांच्या साइट बघितल्या. आमच्याच पट्ट्यात, हरमल-मांद्रेलाही भरपूर आहेत, पण एका दिवसाचे जे पैसे सांगतात त्यात माझा महिन्याचा किराणा येतो, आणि सगळा दिवस इंग्रजीत सूचना ऐकायच्या म्हणजे मला परत ड्यूटीवर असल्यासारखंच वाटलं असतं. वनविकास महामंडळाची कॉटेजं आहेत बोंडल्याला, खोतीगावात, तीही चांगली म्हणतात, कुटुंबासोबत जायचं तर मी तिकडेच जाईन. पण एकटी बाई म्हणून मला घर पाहिजे होतं, घरात बाईमाणूस पाहिजे होतं. आमच्या हाउसकीपिंगमधल्या एकीचं माहेर सांगे तालुक्यात आहे, तिने नेत्रावळीच्या एका कुळागरवाल्या काकींचं नाव सुचवलं, ते घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात.

फोन लावला तर लागेना. व्हॉट्सॲपवर एकच टिक. नेत्रावळी अभयारण्यातलं गाव, नेटवर्क कुठे येतं कुठे नाही. शेवटी कळलं की मडगावला असलेला त्यांचा मुलगा बुकिंग बघतो. त्याच्याशी बोलल्यावर दोन मिनिटांत झालं. दिवसाचे 1300 रुपये, त्यात चहा, पेज, दोन वेळचं जेवण सगळं आलं, 2000 ॲडव्हान्स जीपे केले, आधार कार्डाचा फोटो पाठवला. मी त्याला स्पष्ट विचारलं की आतून कडी आहे का, बाथरूम जोडून आहे का, रात्री लाइट गेले तर काय. हे विचारायला अजिबात लाजू नका, चांगली माणसं नीट उत्तर देतात.

10 तारखेला सोमवारी पहाटे निघाले. म्हापसा ते पणजी, पणजीहून मडगावची शटल बस (काउंटरवर रांगेत तिकीट काढूनच चढायचं, सकाळी ऑफिसवाल्यांची गर्दी असते), आणि मडगावच्या कदंब (सरकारी बसच्या) स्टँडवर दीड तास बसले कारण नेत्रावळीकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या. वेळा बदलतात म्हणून आदल्या दिवशी फोन करून किंवा स्टँडवरच्या चौकशीत विचारून घ्या, मोबाइलवर दिसणाऱ्या वेळांच्या भरवशावर राहू नका. जायचा सगळा बसखर्च दोनशेच्या आत झाला. गाडी केपें, जांबावली, रिवण करत जाते. जांबावलीला दामबाबाला, म्हणजे तिथल्या दामोदर देवाला, बसमधूनच हात जोडले. रिवणच्या पुढे मोहोरलेले आंबे, काजूची झाडं आणि मधूनच पूर्ण पानं गाळून फक्त लाल फुलांनी भरलेली सावर दिसायला लागली. खिडकीला डोकं टेकून बसले होते. कंडक्टरने स्टॉप आल्यावर स्वतः येऊन सांगितलं.

काका न्यायला आले होते. रस्ता सोडून पाटाच्या कडेने चालत पंधरा मिनिटं. ज्यांनी कुळागर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, डोंगराच्या पायथ्याशी जिथे बारमाही झर आहे तिथे ते करतात. वर माडी म्हणजे पोफळी आणि नारळ, पोफळीवर चढवलेल्या मिऱ्यांच्या वेली, मध्ये जायफळ, केळी, लिंबू, खाली अननस, हळद, आळू. ऊन जमिनीवर पोचेपर्यंत गाळून गाळून येतं. बाहेर रस्त्यावर घाम येत होता आणि आत शिरल्यावर मी पदर ओढून घेतला.

त्या दिवशी मी जेवले आणि झोपले. दुपारी झोपले ती दिवेलागणीला काकींनी तुळशीपुढे दिवा लावला तेव्हा उठले, परत जेवले आणि परत झोपले. मला भीती होती की काकी काय म्हणतील, पाहुणी आली आणि झोपूनच राहिली, पण त्यांनी फक्त दारात पाण्याचा तांब्या ठेवला होता.

फोनचं आधीच ठरवलं होतं. रोज संध्याकाळी साडेसहाला रस्त्यावरच्या वळणापर्यंत चालत जायचं, तिथे रेंज येते, घरी दहा मिनिटं बोलायचं आणि फोन बंद करून पिशवीत. घरच्यांना ही वेळ आधी सांगून ठेवा आणि लँडलाइन किंवा त्या घरातला दुसरा नंबर देऊन ठेवा, म्हणजे त्यांचा जीव टांगणीला लागत नाही आणि आपलाही. कामाच्या ग्रुपवर मी 9 तारखेलाच मेसेज टाकला होता की 16 पर्यंत उपलब्ध नाही, अर्जंट काही असेल तर अमुक मॅडमना फोन करा. त्या मॅडमना आधी विचारून, चाव्या आणि कॅशचा हँडओव्हर लेखी देऊन.

दुसरा दिवस मात्र जड गेला, हे मुद्दाम लिहितेय कारण तुम्हालाही जाईल आणि तेव्हा उठून परत येऊ नका. चारला जाग आली, बाहेर मिट्ट काळोख. रानकोंबडा आरवला, मग हळूहळू बाकीचे पक्षी, मग तांबटाचं ते एकसुरी ठोकणं सुरू झालं ते दुपारपर्यंत. मी काकींना सांगितलं होतं की सकाळी पेजेपर्यंत मी बोलणार नाही, राग मानू नका. त्यांनी मान हलवली. जणू त्यांच्याकडे सगळेच असं सांगतात. पण बोलायचं बंद केल्यावर डोक्यातला आवाज वाढला. काउंटरवरची बेल ऐकू येत होती. हात सारखा कमरेला जात होता, तिथे वॉकीटॉकी असतो. कोणाचा पासपोर्ट स्कॅन करायचा राहिला का, कुठल्या रूमचं बिल स्प्लिट होतं, नुसतं तेच. अंगणातल्या खुर्चीत बसून मला रडू यायला लागलं आणि कारण सांगता येत नव्हतं.

अकराच्या सुमाराला काकींनी हाक मारली, "पेज घे गो बाय." उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, बाजूला आंब्याचं लोणचं आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. मी लहान असताना आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकून आली की अशीच पेज घ्यायची, पाय पसरून, कोणाशी न बोलता. त्या वेळी मला वाटायचं की आई रागावलीय. ती दमलेली असायची. हे मला त्या पेजेच्या वाटीसमोर कळलं आणि मी काकींना म्हटलं, अजून घालता का थोडी.

त्या दुपारी काकांनी मला पाण्याला नेलं. वरच्या तळीचं पाणी पाटाने खाली येतं आणि प्रत्येक वाफ्याला पाळीपाळीने सोडायचं असतं. काका फावड्याने मातीचा छोटा बांध फोडतात, पाणी आत वळतं, ते पोफळीच्या बुंध्याभोवती फिरतं, सुकी पानं उचलून पुढे नेतं, माती आधी फिकी असते ती काळी होत जाते, आणि सगळ्या आळ्यात पोचलं की तीच माती परत ओढून तोंड बंद करायचं आणि पुढचं फोडायचं. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. पाणी किती वेळ सोडायचं विचारलं तर म्हणाले, बघत राहा, झाडाचं भरलं की कळतं. मी अनवाणी उभी होते, पाणी घोट्यापर्यंत, थंड. घड्याळ खोलीत होतं. कधीतरी लक्षात आलं की माझा जबडा सैल पडलाय, तोंड किंचित उघडं आहे, आणि बराच वेळ मी कोणाकडे बघून हसलेली नाही.

त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले.

12 तारखेला माघी पौर्णिमा होती. सकाळी गोपीनाथाच्या देवळात गेलो, तिथली बुडबुड्यांची तळी बघायला लांबून लोक येतात. पायऱ्यांची चौकोनी तळी, पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो, आणि तळातून बुडबुड्यांच्या माळा अखंड वर येत असतात, एका जागी थांबल्या की दुसरीकडे सुरू. टाळी वाजवली की जास्त येतात असं सगळे सांगतात, शाळेची ट्रिप आली होती ती मुलं जीव खाऊन टाळ्या वाजवत होती. ती गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. आत उतरू नका, देवाची तळी आहे.

संध्याकाळी काका-काकी मला त्यांच्या सातेरी देवीकडे घेऊन गेले. कुळागराच्या वरच्या अंगाला थोडी राय म्हणजे देवराई राखलेली आहे, तिथलं लाकूड कोणी तोडत नाही, आत पायताण घालून जात नाहीत. तिथे मोठ्या झाडाच्या मुळाशी रोयण आहे, म्हणजे वारूळ, माझ्या खांद्याएवढी उंच. आमच्या गावातही सातेरीच आहे पण तिथे देऊळ आहे, मुखवटा आहे, दागिने आहेत, उत्सवात मी ओटी भरते आणि गर्दीतून बाहेर येते. इथे नुसती माती. तिच्यावर कालची सुकलेली अबोली, बाजूला एक पणती. काकांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. माझ्या सवयीने मी मनात यादी तयार केली, मुलाची परीक्षा, यांची बदली, माझं प्रमोशन, सासूबाईंचे गुडघे. पण काकांनी गाऱ्हाण्यात काहीच मागितलं नाही. यंदा मिरी बरी धरली, झर आटला नाही, मुलाचं बाळंतपण नीट झालं म्हणजे सुनेचं, पाहुणी आलीय ती सुखरूप आहे, असं एकेक सांगितलं, हिशोब दिल्यासारखं, आणि मग म्हणाले की राखलंस तसं राख. नारळ फोडला. झालं.

मी तिथेच थोडी मागे थांबले. मला वाटतं की इतकी वर्षं माझ्याकडून देवाचे आभार मानले गेले नाहीत त्याचं कारण श्रद्धा कमी होती असं नाही. दमलेल्या माणसाला मागणंच सुचतं. ज्याच्या अंगात काही शिल्लकच नाही तो आभार कुठून मानणार? आधी झोप, आधी पेज, आधी कोणीतरी दारात तांब्या ठेवलेला, आणि मग कधीतरी आपोआप आतून वर येतं. म्हणून ज्या मुली मला म्हणतात की देवाधर्मासाठी वेळ काढायला पाहिजे, त्यांना मी सांगते की आधी विश्रांतीसाठी काढा.

वडिलांची तुळशीची जपमाळ माझ्याजवळ असते. त्या रात्री चांदणं पोफळींच्या झावळ्यांमधून अंगणात पडलं होतं, मी ओट्यावर बसून माळ काढली आणि नामाऐवजी प्रत्येक मण्याला एक माणूस आठवायचं ठरवलं ज्याचं माझ्यावर काही ना काही आहे. सासूबाई, आई, हे, मुलगा, रोस्टर जपायला शिकवणाऱ्या मॅडम. मग मला वाटलं आता संपतील, पण माळ पुढे सरकत राहिली. पहिल्या रात्रपाळीला घाबरले होते तेव्हा गेटवरून दर तासाला हाक मारणारा सिक्युरिटीचा काका. लाँड्रीतली ती मुलगी जिने माझ्या साडीवरचा डाग कोणी बघायच्या आत काढून दिला. पैसे सुट्टे नव्हते तेव्हा उद्या दे म्हणणारा म्हापशाचा पाववाला पोदेर. एक म्हातारी गेस्ट, भाषा कुठली माहीत नाही, जाताना काउंटरच्या या बाजूला येऊन तिने माझे दोन्ही हात धरले होते. हेल्थ सेंटरची डॉक्टरीण. त्या दिवशीचा कंडक्टर. माणसं संपली तेव्हा पाय आठवले, दहा-दहा तास उभे राहणारे माझे स्वतःचे पाय, त्यांनाही एक मणी दिला. मेरुमण्याला पोचायला 108 होतात आणि मला नावं कमी पडली नाहीत.

13 तारखेला सावरीच्या धबधब्याला गेले, काकींचा पुतण्या सोबत होता. अभयारण्य 1999 साली जाहीर झालेलं, 211 चौरस किलोमीटर, खाली खोतीगावच्या रानाला जोडलेलं. वनखात्याच्या चौकीवर नाव, नंबर, किती माणसं हे लिहून तिकीट काढावं लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा, रोख सुट्टे पैसे ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ नका. फेब्रुवारीतही पाणी होतं, पावसाळ्यातलं रौद्र नाही, एका धारेने पडणारं. वाटेत शेकरू दिसलं, शेपूट अंगापेक्षा लांब, फांदीवरून आमच्याकडे बघून ओरडत होतं. गव्याचं शेण दिसलं, ताजं, तेव्हा पुतण्याने थांबून कान दिला आणि मग पुढे गेलो. एकटीने या वाटेला जाऊ नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात मोजे घाला आणि पाल्यापाचोळ्यावर बसू नका, उन्हाळ्याकडे गोचीड असतात, त्यांच्यामुळे होणाऱ्या माकडतापाने सत्तरी तालुक्यात माणसं दगावलेली आहेत तेव्हा ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला.

14 तारीख काकींसोबत मिऱ्यांत गेली. वेलीवरून काढलेले हिरवे-लाल घोस सुपात घेऊन दाणे मोकळे करायचे आणि अंगणात पसरायचे. आदल्या दिवशी पसरलेले अर्धे काळे झाले होते, त्याच्या आदले पूर्ण काळे आणि सुरकुतलेले, एकाच अंगणात तिन्ही रंग. बोटांना दिवसभर तो वास. आता मी बोलत होते, काकीही बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की मुलं म्हणतात विकून टाका, पोफळीवर चढणारी माणसं मिळत नाहीत, एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर जाणारे आता गावात दोघं-तिघंच उरले. माझ्याकडे त्यावर काही उत्तर नव्हतं. पण मला एवढं नक्की वाटतं की आम्ही किनाऱ्यावरचे लोक गोवा म्हणून जे विकतो त्याचं पाणी या डोंगरातून येतं, आणि आपल्यापैकी कित्येकांनी हा भाग बघितलेलाही नाही.

15 तारखेला काकींचा मुलगा गाडी घेऊन मडगावला निघाला होता, त्याने रिवणपर्यंतच्या वाटेत उसगाळीमळला थांबवलं. कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडाच्या सपाटीवर कोरलेले बैल, मोर, नाचणारी बाई, आणि एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं चित्र. 1993 मध्ये गावकऱ्यांमुळे ते पुरातत्त्ववाल्यांना कळलं. कडक उन्हात रेषा नीट दिसत नाहीत, सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. कोरलेल्या भागावर चालू नका.

एकूण खर्च सांगते. राहणं-जेवण 6500, बस दोन्ही मिळून साधारण साडेतीनशे (येताना मडगावपर्यंत फुकट आले), पुतण्याला 500 दिले, तो नको म्हणत होता, तिकिटं, नारळ-फुलं आणि किरकोळ तीनशे, आणि काकींकडून मिरी-जायफळ घेतलं 800 रुपयांचं, ते खर्चात धरायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा. म्हणजे साडेआठ हजारांच्या आत. मी वर्षभर टिपचे पैसे वेगळ्या डब्यात टाकत होते, त्यातून केलं, घरखर्चाला हात लावला नाही.

16 ला रविवारी दुपारच्या शिफ्टला हजर झाले. काम तेच, गर्दी तीच, पहिल्याच तासात एसी चालत नाही म्हणून एक फॅमिली चिडलेली. झोप बरी लागतेय, दोनची जाग कधीकधी येते पण आली तर मी माळ घेते, अर्ध्यावर झोपते. महिन्याने बीपी परत दाखवलं, डॉक्टरीण म्हणाली ठीक आहे, असंच ठेव. मुलाला जायफळाच्या लाल जावित्रीचं फार नवल वाटलं, त्याने शाळेत नेऊन दाखवली. सासूबाईंना मी सांगितलं की पुढच्या खेपेला तुम्ही जायचं आणि घर मी बघणार, त्या आधी हसण्यावारी नेत होत्या, पण परवा त्यांनी हळूच विचारलं की तिथे जिना चढावा लागतो का. नाही लागत. त्यांच्यासाठी नोव्हेंबरचं बघतेय, पाऊस संपलेला असतो, झर भरलेली असते आणि आमचा सीझन अजून पूर्ण चढलेला नसतो.

काकींचा नंबर इथे टाकत नाही, त्यांच्याकडे दोनच खोल्या आहेत आणि त्यांना झेपेल तेवढेच पाहुणे घेतात. पण सांगे, रिवण, नेत्रावळी भागात असं राहायला देणारी घरं आणखीही आहेत, ओळखीतून विचारा, आपल्या हॉटेलांत तिकडची कितीतरी मुलं कामाला आहेत. जूनपासून जायचं असेल तर जळवांसाठी मीठ-हळद आणि एक जोडी जास्तीचे मोजे घ्या, आणि धबधब्यांची वाट उघडी आहे का ते चौकीवर विचारूनच निघा, पावसाचा जोर असला की बंद करतात.